मानमोडी ते बर्ड फ्ल्यू : विषाणूतील बदल आणि समाजाची स्थिती

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लढायांना आणि तहांना जेवढी पाने मिळतात, त्या मानाने साथीच्या रोगांना एखादी ओळ मिळणेही कठीण असते. पहिल्या महायुद्धाचा धडा आपण सर्वांनी वाचला आहे. त्या युद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीने युद्धापेक्षाही अधिक माणसे नेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. जगभरात सुमारे ५ कोटी माणसे या साथीत दगावली असा अंदाज सांगितला जातो. एकट्या हिंदुस्थानातील मृत्यूंचे निरनिराळे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. आपल्याकडील जुन्या पिढीने या साथीला ‘मानमोडी’ म्हटले. पुढे तो शब्द मागे पडला आणि त्याबरोबर ती आठवणही मागे पडली.

इन्फ्लुएंझा मात्र मागे पडला नाही. तो १९५७ मध्ये आला, १९६८ मध्ये आला, १९७७ मध्ये आला आणि २००९ मध्ये ‘स्वाइन फ्ल्यू’ या नावाने पुण्यात आला. दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात आपल्या वसतिगृहांत दोनचार मुले ताप-खोकल्याने अंथरूण धरतात, त्यांतही पुष्कळदा तोच असतो. एकच रोग पुन्हा पुन्हा कसा होतो? देवी किंवा गोवर एकदा होऊन गेला की बहुधा पुन्हा होत नाही. मग फ्ल्यूचे असे का? आणि दुसरा प्रश्न असा की, विषाणू एकच असता सर्व माणसे सारखीच का मेली नाहीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जीवशास्त्र देते, दुसऱ्याचे इतिहास देतो. प्रस्तुत लेखात आम्ही ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत. कारण त्यांतील एकच वाचले तर अर्थ अपुरा राहतो, असे आमचे मत आहे.

विषाणूची घडण

इन्फ्लुएंझाचा विषाणू मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. तो स्वतंत्रपणे जगू शकत नाही. सजीवाच्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो. या विषाणूचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. त्यांपैकी महासाथी घडवून आणणारा प्रकार ‘ए’ हा होय, आणि या लेखातील विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

माणसाच्या जनुकीय माहितीत सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. या विषाणूत ती अवघी साडेतेरा हजार आहेत. ही माहिती डीएनएत नसून आरएनए या रेणूत असते, आणि ती एका सलग धाग्यात नसून आठ वेगवेगळ्या तुकड्यांत असते. एखादा ग्रंथ आठ सुट्या पुस्तिकांत बांधावा तशी ही रचना आहे. पुढे येणाऱ्या सगळ्या कथेचे मूळ या दोन गोष्टींत, म्हणजे आरएनएत आणि आठ तुकड्यांत आहे.

विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनांचे काटे असतात. एकाचे नाव हिमॅग्लुटिनिन. तो पेशीला चिकटण्याचे व आत शिरण्याचे काम करतो. दुसऱ्याचे नाव न्यूरामिनिडेज. नव्याने तयार झालेल्या विषाणूंना पेशीपासून सोडवून बाहेर जाऊ देण्याचे काम तो करतो. वर्तमानपत्रांत आपण वाचतो त्या एच१एन१, एच३एन२, एच५एन१ या नावांतील ‘एच’ आणि ‘एन’ ही याच दोन प्रथिनांची आद्याक्षरे होत. या विषाणूचे मूळ घर म्हणजे रानबदके आणि पाणपक्षी. एच१ ते एच१६ आणि एन१ ते एन९ एवढे प्रकार पक्ष्यांत सापडले आहेत. माणसांत टिकून राहिलेले प्रकार मात्र मोजकेच आहेत.

नकलेतील चुका

छपाई नव्हती त्या काळात ग्रंथांच्या हस्तलिखित नकला होत असत. नकलाकाराची एक चूक पुढच्या नकलेत उतरे, तिच्यात नवी चूक मिसळे, आणि असे पाठभेद साचत जात. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला, आणि जमलेल्या भिक्खूंनी तो एकत्र म्हणून पक्का केला. पुढे इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत तिपिटक लिहून काढले जाईपर्यंत सामूहिक पठण हीच चुकांना आळा घालणारी व्यवस्था होती. एकाचे चुकले तर दहा जण थांबवीत.

पेशींमध्येही अशी व्यवस्था असते. आपल्या डीएनएची नक्कल होताना चुकीचे अक्षर ओळखून काढून टाकणारी यंत्रणा सोबत काम करते. कोविडच्या विषाणूतही तपासणीची काही सोय आहे. इन्फ्लुएंझाच्या विषाणूत ती नाही. त्याच्या आरएनएची नक्कल करणारे विकर वेगाने नक्कल करते आणि चुका तशाच सोडून देते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नव्या प्रतीत सरासरी एखादे अक्षर बदललेले असते. एका आजारी माणसाच्या शरीरात अशा असंख्य प्रती तयार होतात.

या चुकांपैकी बहुतेक निरर्थक किंवा विषाणूलाच घातक असतात आणि त्या प्रती नष्ट होतात. पण काही चुका हिमॅग्लुटिनिनच्या टोकाशी होतात. आपल्या शरीरातील प्रतिपिंडे याच टोकाला ओळखून विषाणूला अडवतात. पहाऱ्यावरील शिपायाने माणसाचा चेहरा लक्षात ठेवावा आणि त्या माणसाने थोडे रूप बदलून यावे, तसे येथे घडते. ज्या प्रतीचे टोक किंचित बदललेले असते, तिला गेल्या वर्षीची प्रतिपिंडे नीट ओळखत नाहीत. तीच निसटते, तीच पुढच्या माणसाकडे जाते. विषाणू यात काही ठरवत नाही. चूक आपोआप होते आणि आपल्या प्रतिकारशक्तीच्या चाळणीतून जी चूक निसटते ती टिकते. या संथ, अखंड बदलाला शास्त्रज्ञ प्रतिजनांचे सरकणे म्हणतात. फ्ल्यू पुन्हा पुन्हा का होतो याचे उत्तर येथे मिळते.

म्हणूनच फ्ल्यूची लस दरवर्षी नव्याने ठरवावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते. त्यासाठी जगभरातील प्रयोगशाळा वर्षभर नमुने तपासतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ही त्यांपैकी एक. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली. पाठभेदांवरून जसा हस्तलिखितांचा वंशवृक्ष लावता येतो, तसाच अक्षरांतील फरकांवरून विषाणूंचा वंशवृक्ष लावण्याचे काम अशा संस्थांत चालते.

तुकड्यांची अदलाबदल

दुसरा बदल अचानक होतो आणि तो अधिक गंभीर असतो. समजा, एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू एकाच वेळी शिरले. दोघांचे आठ-आठ तुकडे तेथे तयार होतात आणि नवे विषाणू बांधले जाताना ते एकमेकांत मिसळतात. दोन ग्रंथांच्या सुट्या पुस्तिका एकाच टेबलावर पसरून बांधणाऱ्याने हाताला येतील तशा बांधाव्यात, असा हा प्रकार. आठ तुकड्यांच्या दोन संचांतून २५६ प्रकारच्या जुळण्या संभवतात. त्यांतील एखादीत माणसांत पसरण्याची क्षमता जुन्या विषाणूची आणि पृष्ठभागावरील काटे पक्ष्यांतील विषाणूचे असे घडले, तर माणसाच्या प्रतिपिंडांनी कधीच न पाहिलेला विषाणू जन्माला येतो. मग साथीची महासाथ होते.

१९५७ चा ‘आशियाई फ्ल्यू’ असाच घडला. त्या वेळी फिरत असलेल्या एच१एन१ विषाणूने पक्ष्यांकडून तीन तुकडे घेतले आणि एच२एन२ हा नवा विषाणू तयार झाला. १९६८ मध्ये त्याने आणखी दोन तुकडे बदलले आणि एच३एन२ आला. या दोन्ही महासाथींत जगभर प्रत्येकी सुमारे १० लाख माणसे दगावली. १९६८ मध्ये न्यूरामिनिडेज मात्र जुनेच राहिले होते, त्यामुळे लोकांच्या शरीरातील जुनी ओळख काही अंशी उपयोगी पडली. १९७७ चा प्रकार निराळा होता. वीस वर्षे नाहीसा झालेला एच१एन१ विषाणू परत आला आणि तो १९५० च्या दशकातील विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. निसर्गात वीस वर्षे न बदलता राहणे या विषाणूला शक्य नाही. म्हणून तो कोठल्या तरी गोठवून ठेवलेल्या साठ्यातून, प्रयोगातून किंवा लसीच्या चाचणीतून बाहेर पडला असावा, असा निष्कर्ष अभ्यासक काढतात. त्या साथीत आजारी पडले ते मुख्यतः तरुण. ज्यांनी तो विषाणू लहानपणी अनुभवला होता ते बहुतांशी वाचले.

एका अक्षराचे परिणाम

जनुकातील बदल प्रत्यक्ष शरीरात काय घडवतो, याची काही उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण चिकटण्याचे. आपल्या नाक-घशातील पेशींवर सायॅलिक आम्ल नावाच्या साखरेची टोके असतात. विषाणू त्यांनाच चिकटतो. ही टोके माणसाच्या वरच्या श्वसनमार्गात एका पद्धतीने जोडलेली असतात आणि पक्ष्यांच्या आतड्यात दुसऱ्या पद्धतीने. म्हणून पक्ष्यांचा विषाणू माणसाच्या घशात सहसा पकड घेत नाही. परंतु हिमॅग्लुटिनिनमधील एकदोन अमिनो आम्ले बदलली की पकड बदलते. १९१८ च्या विषाणूत अशी दोन अमिनो आम्ले मुद्दाम पक्ष्यांतील विषाणूसारखी करून पाहिली, तेव्हा फेरेट या मुंगुसासारख्या प्राण्यांमध्ये त्याचे शिंकेवाटे पसरणेच थांबले.

दुसरे उदाहरण तापमानाचे. पक्ष्यांच्या आतड्यात सुमारे ४१ अंश सेल्सिअस उष्णता असते, माणसाच्या नाकात सुमारे ३३ अंश. पक्ष्यांतील विषाणूचे नक्कल करणारे विकर थंड जागी मंदावते. त्यातील ६२७ व्या स्थानी एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले की तेच विकर सस्तन प्राण्यांच्या पेशीत जोमाने काम करू लागते. त्यासाठी आरएनएमधील एकच अक्षर बदलावे लागते.

तिसरे उदाहरण व्याप्तीचे. हिमॅग्लुटिनिन कापले गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. ही कात्री साधारणपणे श्वसनमार्गात आणि आतड्यातच असते, त्यामुळे रोग तेवढ्यापुरता राहतो. एच५ आणि एच७ प्रकारच्या काही विषाणूंत कापण्याच्या जागी काही अमिनो आम्ले वाढतात. मग शरीरातील कोणत्याही अवयवातील कात्री त्याला कापू शकते. अशा विषाणूने कोंबड्यांचे खुराडे दोन दिवसांत रिकामे होते.

चौथे उदाहरण औषधाचे. ओसेल्टामिविर हे औषध न्यूरामिनिडेजला अडवते. त्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलले की औषध तेथे नीट बसत नाही. आरंभी असे वाटत होते की या बदलाने विषाणू स्वतःच दुबळा होतो, म्हणून तो पसरणार नाही. २००७ ते २००९ या काळात मात्र हाच बदल असलेला हंगामी एच१एन१ जगभर पसरला. कारण सोबतच्या दुसऱ्या बदलांनी तो दुबळेपणा भरून काढला होता.

या शेवटच्या उदाहरणात एक महत्त्वाचा बोध आहे. कोणताही बदल एकटा परिणाम घडवत नाही. तो इतर कारणांच्या सोबतीने परिणाम घडवतो. धम्माच्या अभ्यासकांना हे नवे नाही. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त हेच सांगतो की, हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. आता ही साखळी विषाणूपाशी न थांबवता पुढे नेली पाहिजे.

गोठलेल्या जमिनीतून मिळालेला पुरावा

१९१८ मध्ये हा रोग विषाणूचा आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलेल्या एका जीवाणूवर दोष ठेवला जात होता. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला तो १९३३ मध्ये, लंडन येथे. तोवर १९१८ चा विषाणू जसाच्या तसा उरला नव्हता.

त्याचा शोध पुढे अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या लहानशा वस्तीत लागला. १९१८ च्या नोव्हेंबरात त्या वस्तीतील बहुतेक मूलनिवासी प्रौढ काही दिवसांत मरण पावले आणि गोठलेल्या जमिनीत एकत्र पुरले गेले. योहान हुल्टिन हा संशोधक १९५१ मध्ये तेथे गेला. त्या काळच्या साधनांनी त्याच्या हाती काही लागले नाही. १९९७ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, तो गावाची परवानगी घेऊन पुन्हा गेला आणि एका स्त्रीच्या फुप्फुसातील नमुने त्याने जेफ्री टॉबेनबर्गर यांच्याकडे पाठविले. ते नमुने आणि अमेरिकन सैनिकांचे जपून ठेवलेले नमुने यांवरून २००५ पर्यंत त्या विषाणूची सर्व अक्षरे वाचून झाली, आणि कडेकोट प्रयोगशाळेत तो विषाणू पुन्हा घडविण्यात आला. उंदरांच्या फुप्फुसात तो फार वेगाने वाढला. त्याचे हिमॅग्लुटिनिन आणि नक्कल करणारी विकरे या दोहोंचा त्या घातकपणात वाटा होता, असे दिसून आले.

म्हणजे तो विषाणू जात्याच घातक होता, हे सिद्ध झाले. परंतु १९१८ मध्ये मृत्यू पावलेल्यांच्या जपलेल्या फुप्फुसांची तपासणी दुसरेही काही सांगते. विषाणूने श्वासनलिकेचे आतले अस्तर सोलून काढले आणि त्या उघड्या जागेत नेहमीचे जीवाणू शिरून न्यूमोनिया झाला. बहुसंख्य मृत्यू या न्यूमोनियाने झाले. जीवाणू किती शिरतील, शरीर किती झुंजेल, आजाऱ्याला हवा, पाणी, अन्न आणि विश्रांती मिळेल का, हे विषाणूची अक्षरे ठरवीत नाहीत.

मुंबईचे आकडे

मुंबईत ही साथ १९१८ च्या जूनमध्ये गोदीच्या बाजूने शिरली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती भीषण. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यात त्या वर्षी या साथीने १० लाखांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झाले होते आणि गावोगावची उपाशी माणसे शहराकडे येत होती.

मुंबई शहरातील इन्फ्लुएंझाच्या मृत्यूंचे समाजगटांनुसार दर उपलब्ध आहेत. दर हजारी युरोपियनांचे मृत्यू ८.३, पारशांचे ९.०, सवर्ण हिंदूंचे १८.९, मुसलमानांचे १९.२, आणि सरकारी नोंदीत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांचे ६१.६. वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. आपल्या माणसांचा मृत्युदर युरोपियनांच्या सातपटींहून अधिक आणि सवर्ण हिंदूंच्या तिपटींहून अधिक होता.

त्या ऑक्टोबरात मुंबईत एकच साथ होती. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात आणि परळच्या चाळीत वेगवेगळे विषाणू शिरले नव्हते. हिमॅग्लुटिनिन साखरेची टोके ओळखते. जात ओळखण्याची कोणतीही सोय त्याच्यात नाही. चिकटायला हवी असलेली ती टोके सर्व माणसांच्या घशात सारखीच असतात. मग ८.३ आणि ६१.६ यांतील अंतर कशाने पडले? ते पडले एका खोलीत झोपणाऱ्या आठ-दहा माणसांनी, खिडकी नसलेल्या भिंतींनी, अर्धपोटी शरीरांनी, ताप असतानाही सुटू न शकणाऱ्या खाड्याच्या मजुरीने आणि दवाखान्याच्या दाराशी होणाऱ्या भेदाने. विषाणूचा बदल ही एक कारणमालिका होती, जातिव्यवस्था ही दुसरी. दोन्ही एकत्र आल्या तेव्हा तो आकडा तयार झाला.

हिंदुस्थानात स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा अधिक झाले, विशेषतः ऐन तारुण्यातील स्त्रियांचे. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा तिने करायची, स्वतः आजारी पडली तरी चूल तिनेच पेटवायची आणि उरलेले तिने खायचे. येथेही कारण जनुकात शोधण्याची गरज नाही.

याच नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांचे बिऱ्हाड परळच्या चाळीत होते. पुढच्याच जानेवारीत त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्य वर्गासाठी प्रतिनिधित्वाची मागणी केली. या दोन घटनांचा थेट संबंध आम्ही जोडत नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढे निश्चित म्हणता येते की, ६१.६ हा आकडा कायदेमंडळात उभे राहून विचारणारा आपला एकही प्रतिनिधी त्या दिवशी नव्हता. पुढे मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेची पायाभरणी झाली. आजारी पडलेल्या कामगाराची मजुरी बुडू नये आणि त्याला उपचार मिळावेत, हा तिचा गाभा. लोकांचे पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात नमूद आहे. या तरतुदींकडे मानमोडीच्या पार्श्वभूमीवर पाहिले की त्यांचे मोल अधिक कळते.

पुणे, नवापूर आणि पुढे

२००९ चा विषाणू डुकरांतून आला. वेगवेगळ्या खंडांतील डुकरांच्या विषाणूंची तुकड्यांची अदलाबदल होऊन तो घडला होता. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला पुण्यातील एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातील तो या साथीचा पहिला बळी. पुण्यातील शाळा बंद झाल्या, मुखपट्ट्यांचा तुटवडा झाला, हे अनेक पालकांना आठवत असेल. या साथीत वृद्धांना लागण तुलनेने कमी झाली. कारण लक्षात घेण्याजोगे आहे : या विषाणूचे हिमॅग्लुटिनिन १९१८ च्याच विषाणूचे वंशज होते. ते दशकानुदशके डुकरांत राहिले आणि तेथे फारसे बदलले नाही. लहानपणी त्या घराण्याशी गाठ पडलेल्या म्हाताऱ्यांच्या शरीराला त्याची ओळख होती.

आज लक्ष आहे ते पक्ष्यांतील एच५एन१ वर. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ माणसांना त्याची लागण झाली आणि ६ दगावली. भारतात तो प्रथम आढळला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. ते काम हाताने करणारे मजूर कोण होते आणि कुक्कुटपालन बुडाल्याने कोणाच्या चुली विझल्या, हे त्या आदिवासीबहुल भागाची माहिती असणाऱ्यांना सांगावे लागू नये. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने मेले. त्याच वर्षी अमेरिकेत तो दुभत्या गाईंत पसरला. माणसाकडून माणसाकडे सहज पसरण्याची क्षमता त्याला अद्याप आलेली नाही. ती यायला किती थोडी अक्षरे बदलावी लागतात, हे वर पाहिलेच आहे.

आपण काय करावे

अनित्यता हा जगाचा स्वभाव आहे, हे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकतो. विषाणू बदलत राहणार. ते थांबवणे कोणाच्या हाती नाही. दुसरी कारणमालिका मात्र आपल्या हाती आहे, आणि तेथे आपली जबाबदारी सुरू होते.

वसतिगृहात आणि घरात खिडक्या उघड्या असाव्यात, अंथरुणांत अंतर असावे, आजारी मुलाला वेगळी पण हवेशीर जागा मिळावी. खोकताना तोंडावर रुमाल किंवा बाहीचा कोपर धरावा, हात साबणाने धुवावेत. फ्ल्यू विषाणूचा आहे, म्हणून जीवाणूंवरील गोळ्या मनाने घेऊ नयेत. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. ओसेल्टामिविर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते. धाप लागणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, किंवा ताप उतरून बरे वाटल्यावर पुन्हा चढणे, ही न्यूमोनियाची चिन्हे असू शकतात. अशा वेळी एक तासही दवडू नये. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून दरवर्षी लस घ्यावी. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. मांस आणि अंडी पूर्ण शिजवावीत. ७० अंशांवर हा विषाणू नष्ट होतो.

शुश्रूषा हाही उपचारच आहे. १९१८ मध्ये असंख्य माणसे सगळे घर एकदम आजारी पडल्याने, पाण्याचा पेला देणारे कोणी उरले नाही म्हणून गेली. विनयातील कथा सर्वांना माहीत आहे : हगवणीने लोळत पडलेल्या, सहकाऱ्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली, त्याला बिछान्यावर निजविले आणि रोग्याची सेवा ही आपलीच सेवा होय असे संघाला समजाविले. वस्तीत साथ आली की कोणत्या घरात एकटी म्हातारी आहे, कोणाची मजुरी बुडते आहे, कोणाकडे औषधाला पैसे नाहीत, याची यादी विहाराच्या समितीकडे असावी.

साथ आली की गळ्यात कापराची पुरचुंडी येते, कोपाच्या कथा येतात, अमुक जमातीने रोग आणला अशी कुजबुज येते. परंपरेने आले म्हणून किंवा मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हा कालामांना दिलेला उपदेश अशाच वेळेसाठी आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणे हे संविधानाच्या ५१क अनुच्छेदानुसार आपले कर्तव्यही आहे.

या शाळेतून शिकून गेलेले कित्येक जण आज डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आशा कार्यकर्त्या, सफाई कामगारांचे प्रतिनिधी आणि शिक्षक आहेत. त्यांना आमची एक विनंती आहे. पुढची साथ येईल तेव्हा विषाणूचा प्रकार कोणता, हे प्रयोगशाळा सांगेलच. आपण मात्र मृत्यूंचे आकडे वस्तीनुसार, कामानुसार आणि समाजगटानुसार मागावेत, ते जपून ठेवावेत आणि त्यांतील अंतराचा जाब विचारावा. १९१८ चे आकडे कोणीतरी नोंदवून ठेवले, म्हणून शंभर वर्षांनंतर आपण ते वाचू शकलो. त्या वेळी जाब विचारणारे नव्हते; आता आपण आहोत.

नमो बुद्धाय, जय भीम.